दिवा विझवणारा गळा

आधी प्रमिलाकाकूंचं नाव लिहितो. आज माझ्या गळ्यातून शब्द निघतात ते त्यांच्यामुळे. काकूंचे यजमान, गावोगावी गाण्या-नाचाचे खेळ करणाऱ्या आमच्या आसगावच्या दंडार मंडळीचे मास्तर, महिन्यापूर्वी गेले. पत्र मला इथे सुरतेला, लूमच्या कारखान्यात मिळालं. स्मरणिकेत छापायला मास्तरांवर दोन चांगले शब्द लिही, असा मंडळीचा निरोप होता. बसलो लिहायला... येत नाहीत.

सातवीतून शाळा सोडून मी मास्तरांकडे गायला लागलो. दंडारीत माईक नसायचा, शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोचायला हवा. मास्तरांची परीक्षा ठरलेली. हातभर अंतरावर दिवा ठेवायचा आणि तान मारायची. ज्याच्या तानेनं दिवा विझला तो खरा गवई. तीन वर्षं मी दिवे विझवले. आणीबाणी उठली त्या साली गळ्यातून नुसता वारा यायला लागला. मास्तर सगळ्यांदेखत म्हणायचे, "काहून रे, फुटक्या भात्यावानी फुसफुस करून राहिला?" मंडळी हसायची. मी घरी जाऊन उशीत तोंड खुपसून गायचो, आणखी जोरात.

माहेरी जाते असं सांगून काकूंनी मला नागपूरच्या दवाखान्यात नेलं. तिथे नाकाला चिमटा लावला, तोंडात नळी दिली. नळीचं दुसरं टोक पाण्यावर उपड्या ठेवलेल्या डब्याखाली. 'आ' म्हणायचा, जेवढा वारा जाईल तेवढा डबा वर येतो आणि पेन कागदावर रेघ ओढतं. माझा डबा भसकन वर आला नि आवाज संपला. डॉक्टरांनी काकूंनाही म्हणायला लावलं. त्यांचा 'आ' चालूच, डबा मात्र जेमतेम हलत होता. गळ्यातल्या दोन पट्ट्या मिटून थरथरल्या की आवाज होतो, त्याला वारा थोडाच लागतो, डॉक्टर म्हणाले. ह्याच्या सुजल्यात, मिटत नाहीत, वारा फटीतून निसटतो. सहा महिने गाणं बंद, नाहीतर बोलणंही जाईल.

मी मास्तरांना ते सांगितलं.

"वारा मोजाले नागपूरले गेलता? मले विचाराचं. उद्या मोहाडीच्या बाजारात गाशील, नाही त गाव सोड."

त्या संध्याकाळी तालमीत मी भीत भीत उभा राहिलो. तोंड उघडलं, तोच काकू दारातून आत आल्या. तालमीत बाई येत नसे.

"तो नाही गाणार," काकू म्हणाल्या. "दिवा ठेवा, मी गातो."

मास्तरांनी बांधलेलंच गाणं त्यांनी म्हटलं, भरल्या आवाजात, शेवटपर्यंत. ज्योत हलली नाही. कोणी हसलं नाही. मास्तर उठले, फुंकर मारून त्यांनी तो दिवा विझवला आणि म्हणाले, "झालं? चूल पाहा आता."

मी गाव सोडलं, गळा वाचला. काकूंचं मात्र घरातलं गुणगुणणंही मास्तरांनी बंद केलं, असं कानावर येत राहिलं. ते गेले तरी त्याची माफी माझ्याकडे नाही. हे छापून आल्यावर काकूंना कोणी बोलेल का, या धास्तीनं दोनदा कागद फाडला. माझा आवाज आता लांब जात नाही, पण घरोघरी जाऊन माणसं बोलावण्यापुरता आहे. काकू, एक दिवस मी येईन, आसगावात मांडव घालीन, आणि तुम्ही गाल तेव्हा पुढच्या रांगेत गप्प बसेन.