मडगार्डवरचे फिश आय

"सेकंड शिफ्ट बंद करा," कानिटकर साहेब म्हणाले. "पोरांना सांगा, सोमवारपासून येऊ नका."

त्यांच्या टेबलावर मोटरसायकलचं एक काळं मडगार्ड पडलं होतं. कस्टमरनं परत पाठवलेलं. खाली स्टोअरमध्ये तशी ढीगभर होती आणि सोबत निरोप होता, आणखी एक लॉट असा आला तर हे काम चाकणच्या पार्टीला देऊ.

गोष्ट दोन हजार सहा-सातच्या सुमाराची. मी पिरंगुटजवळच्या उरवड्यात एका कंपनीत क्वालिटीला होतो. कानिटकर साहेब प्लॅन्ट मॅनेजर, रोज कोथरूडहून येणारे. मी शेजारच्या भरे गावचा. पेंट शॉपच्या सेकंड शिफ्टमधली पोरं आमच्याच पट्ट्यातली आणि निम्म्यांना मीच साहेबांच्या मागे लागून चिकटवलेलं. ती घरी बसली असती तर मला गावात तोंड दाखवायची सोय राहिली नसती. त्यामुळे त्या मडगार्डची काळजी मला इतरांपेक्षा जरा जास्तच होती.

दोष काय होता ते सांगतो. तेलकट तव्यावर पाणी शिंपडलं की ते तव्याला चिकटत नाही, बाजूला सरकतं. पेंटचंही तसंच होतं. पत्र्यावर कुठे नको ते लागलेलं असलं की पेंट तेवढ्या जागेवरून सरकतो आणि बारीक गोल खड्डा राहतो. माशाच्या डोळ्यासारखा दिसतो, म्हणून आम्ही त्याला फिश आय म्हणतो. गाडी चालायला त्यानं काहीच बिघडत नाही. पण नवीन गाडीवर खड्डे कोण घेईल?

आम्ही हातपाय मारायचे तेवढे मारले. पेंटवाल्याला बोलावलं, तो म्हणाला, कॉम्प्रेसरच्या हवेतून तेल येतंय. कॉम्प्रेसरवाल्याला बोलावलं, तो म्हणाला, पेंटच खराब आहे. दोघेही आमच्या कॅन्टीनमध्ये पोटभर जेवले आणि एकमेकांवर ढकलून निघून गेले. सगळे फिल्टर बदलले. खड्डे होते तिथेच.

दोनच गोष्टी हाती लागल्या होत्या. एक म्हणजे खड्डे फक्त सेकंड शिफ्टला यायचे. दुसरी म्हणजे तेही रोज नाही. बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी. गुरुवारी कंपनीला सुट्टी. बाकीच्या वारी माल आरशासारखा.

"मशिनला वार कळत नाहीत, साहेब," मी म्हणालो.

"माणसांना कळतात ना? म्हणजे कोणीतरी मुद्दाम करतंय."

साहेबांनी सोमवारपर्यंत मुदत दिली आणि मी चडफडत खाली आलो.

गुरुवारची सुट्टी गेली, शुक्रवार उजाडला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी फाट्यावर दिलीपच्या सलूनमध्ये गेलो. डोकं चालत नव्हतं, निदान हलकं तरी करावं म्हणून. दिलीप माझ्या शाळेतला. कंपनी आली तेव्हा त्यानं गेटसमोरच सलून टाकलं होतं. बघतो तर बाकावर बसायला जागा नाही, आणि बसलेली निम्मी पोरं आमच्या पेंट शॉपच्या सेकंड शिफ्टची. मांडीवर डबे घेऊन.

"काय रे, आज फुकट कापतोयस का?"

"आरं, शुक्रवार हाय," दिलीप कात्री न थांबवता म्हणाला. "उद्या शनवार, कोन बसतंय खुर्चीत? मंगळवारची तीच गत. गुरवारी निम्मं गाव उपास धरतंय. सोमवारी आमचंच शटर बंद. ऱ्हायलं काय मग?"

मी बोटांवर मोजलं. बुधवार, शुक्रवार, रविवार.

तेवढ्यात दिलीपनं खुर्चीतल्या, आमच्याच पेंट शॉपमधल्या संतोषच्या मानेवरचे केस झटकले आणि एका बिनलेबलच्या बाटलीतून तळहातावर काहीतरी ओतलं. दोन्ही हातांनी त्याच्या डोक्याला चोळलं. संतोषचे केस नव्या बुटासारखे चमकायला लागले.

"हे काय आहे?"

"शायनर. नवाच हाय, पुन्याच्या रविवार पेठंतनं आणलाय. कटिंगवर फ्री. लई चालतोय."

असल्या चमकवणाऱ्या वस्तूंत बहुतेक सिलिकॉन असतं. आणि सिलिकॉन पेंट शॉपच्या आसपाससुद्धा नको, हे आम्हाला ट्रेनिंगला पहिल्यांदा सांगतात. त्याचा नुसता हात लागला तरी पेंट पळतो.

सेकंड शिफ्टचं कोडंही तिथेच सुटलं. आपल्याकडे केस कापले की अंघोळ केल्याशिवाय घरात कोणी शिवून घेत नाही. फर्स्ट शिफ्टवाले ड्युटी संपवून कापायचे आणि घरी जाऊन न्हायचे. सेकंड शिफ्टवाले कापून थेट ड्युटीवर यायचे. अंघोळ रात्री. मधल्या वेळात घाम पुसायला, केस सारखे करायला हात डोक्याकडे जायचा आणि त्याच हातानं धुतलेलं मडगार्ड हुकला लटकवायचं.

मी झाकणभर शायनर मागून घेतला. शिफ्ट सुरू झाल्यावर सगळ्यांसमोर एका मडगार्डला त्याचं बोट लावलं, दुसरं तसंच ठेवलं. दोन्ही रंगवली. बोटाच्या जागी खड्डेच खड्डे.

"आयला," संतोष म्हणाला, "म्हंजी आमीच की."

"तुम्ही नाही रे. तुमची डोकी."

साहेबांनी मडगार्ड बघितलं आणि सुटकेचा निःश्वास टाकून लगेच नवा हुकूम काढला. "त्या सलूनवर बंदी घाला."

"मग पोरं पिरंगुटला कापतील, साहेब. तिथे काय लावतात ते आपल्याला कळणारसुद्धा नाही. त्यापेक्षा दिलीपला सांगू, ड्युटीवर जाणाऱ्याला शायनर नको."

साहेब तयार झाले. दिलीप होईना.

"येवढ्याशा थेंबानं तुमची कंपनी बंद पडतीया व्हय?" त्याला वाईट वाटण्याऐवजी अभिमानच वाटत होता. "पन गिऱ्हाईक शायनरसाठीच येतंय रं."

"सेकंड शिफ्ट बंद झाली तर गिऱ्हाईकच राहणार नाही."

त्यानं गेटकडे बघितलं. मग बाटलीचं झाकण गच्च लावलं. संध्याकाळी आरशावर खडूनं पाटी आली, 'ड्युटीला जाणाऱ्यांना शायनर मिळणार नाही. मागू नये.' आम्ही आमच्या बाजूनं पोरांना डोक्याच्या टोप्या दिल्या.

रविवार स्वच्छ गेला. बुधवारही. पुढच्या शुक्रवारी मी रात्री लाईन बंद होईपर्यंत थांबलो. एक खड्डा नाही. पोरं मला खांद्यावर घ्यायला निघाली होती. मीच नको म्हणालो, कारण ती अजून तेलकट वाटत होती.

कस्टमरचा ऑडिटर आला. अशा वेळी एक फॉर्म भरावा लागतो, त्यात 'का' हा प्रश्न पाच वेळा विचारतात. खड्डे का? सिलिकॉनमुळे. सिलिकॉन का? केसांमुळे. असं करत पाचव्या 'का'ला मी इंग्रजीत लिहिलं होतं, कारण शनिवारी कोणी केस कापत नाही. कानिटकर साहेबांनी ते वाचून कपाळाला हात लावला होता. "हे कस्टमरला दाखवणार? हसतील आपल्याला."

ऑडिटर कराडकडचा होता. त्यानं फॉर्म वरून खालपर्यंत वाचला. शेवटच्या ओळीवर थांबला. साहेबांनी खुर्ची पुढे ओढली.

"एक चूक आहे," तो म्हणाला. खिशातून पेन काढून त्यानं माझ्या ओळीत 'मंगळवार' वाढवला आणि खाली सही केली.

काम आमच्याकडेच राहिलं. शिफ्टही राहिली. तेव्हापासून मी एक नियम पाळतो, फिल्टर बदलण्याआधी आज वार कोणता ते बघावं.