सरकीचं तेल अन् पांढरी अँबेसेडर

जुन्या गाड्यावाले एका टपरीवर बसले की गाड्या जागच्या हलत नाहीत, किस्से मात्र सुसाट सुटतात! आमच्या अकोल्याच्या कंपूचं तेच आहे. गवईसरांची जीप, माझी स्कूटर अन् प्रल्हादभाऊंची पांढरी अँबेसेडर. जीप अन् स्कूटर अधूनमधून चालतात. अँबेसेडर फक्त पुसली जाते.

प्रल्हादभाऊ कापसाच्या जिनिंगमधून रिटायर झाले अन् फडकं घेऊन त्या गाडीच्या मागे लागले. कोणी जवळ गेलं की आरोळी ठोकायचे, "हात नोका लावू, डाग पडते!" एकदा घरच्या जावयावरच ओरडले. तो बिचारा आत बसायला दार उघडत होता. सगळ्यांना लग्नाला जायचं होतं. शेवटी ऑटो बोलावला!

*

भाऊंच्या बायकोला, शकुंतलावयनींना, ही सवत डोळ्यांसमोर नको झाली होती. अंगणातल्या शेडमध्ये त्यांना पापडाचं मशीन टाकायचं होतं अन् तिथं ही बया ठाण मांडून बसलेली. यंदा अमरावतीला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन ठरलं, तेव्हा वयनींनी आमच्यासमोरच भाऊंना सुनावलं.

"नंबर आला त ठेवा. नाई आला त तिथंच इकून टाका. मी संग येतो, पाह्याले!"

भाऊंचा चेहरा पार उतरला. खरं सांगतो, मलाही वाईट वाटलं. गवईसर म्हणाले, "भाऊ, आता नंबर आनाच लागते." अन् आम्ही तयारीला लागलो.

*

रस्त्याची काळी धूळ लागू नये म्हणून गाडी टेम्पोत चढवली. तेवढ्यानं भाऊंचं समाधान होईना. घरातल्या साड्या आणून त्यांनी ती नखशिखांत गुंडाळली. मूर्तिजापूरला चहाला थांबलो तर एका म्हातारीनं टेम्पोला हात जोडले.

"कोनती देवी हाये बाप्पा?"

गवईसर शांतपणे म्हणाले, "लय कडक हाये माय. कोनाले हात लावू देत नाई."

म्हातारीनं पाच रुपये ठेवले. वयनी या देवीची गंमत पाहायला पुढच्या सीटवरून खाली उतरल्या अन् पाहतात तर काय, देवीच्या अंगावर त्यांच्याच लग्नातला शालू!

*

मैदानावर बाकीच्यांनी टायरला दुकानातलं महागडं पॉलिश लावलं होतं. भाऊ जिनिंगचा माणूस, त्यांना प्रत्येक गोष्टीवर सरकी हेच औषध! घरून आणलेलं सरकीचं तेल त्यांनी चारही टायरला चोपडलं. टायर असे चमकले की गवईसरांनी त्यात पाहून भांग पाडला.

परीक्षक आले तेव्हा सरकीच्या वासानं आलेली मैदानावरची एक गाय पुढचं चाक चाटत होती. परीक्षक थांबले, गाय काही थांबली नाही. भाऊंनी सवयीनं आरोळी ठोकली, "हात नोका लावू!" पण तिचं सगळं काम जिभेनं चाललं होतं!

"ही पण तुमचीच का?" परीक्षकांनी विचारलं.

"नाई साहेब," गवईसर म्हणाले, "ते पब्लिक हाये."

चाक संपवून गाय गाडीच्या दाराकडे वळली. परीक्षक काहीतरी लिहून पुढच्या गाडीकडे गेले.

*

संध्याकाळी नंबर जाहीर झाले. आमचा पहिला नाही, दुसरा नाही, उत्तेजनार्थही नाही. भाऊ गाडीपाशी उभे होते. हातात फडकं होतं, पण पुसत नव्हते.

तेवढ्यात गॉगल लावलेला एक गिऱ्हाईक आला. गाडीभोवती फेरी मारली, बोनेटवर पंजा टेकवला अन् म्हणाला, "बोला काका, किती घेता?"

भाऊ वयनींकडे पाहायला लागले. मग आम्हीही पाहायला लागलो. नंबर नाही तर विकायची, हे तर ठरलेलंच होतं.

वयनी खुर्चीवरून उठल्या. दारावर गाईची लाळ वाळली होती, ती आधी पदरानं नीट पुसून काढली. मग गिऱ्हाईकाकडे वळल्या.

"हात काढ पयले! डाग पडते!"