पंपघरातली बकरी

नारीन नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या गावात घराघरांत गरम पाणी पोचवणारं केंद्र होतं. बुरुलचा तिथे नोकरीला होती. पाइपांवर, पंपांवर, दारांवर सेन्सर बसवलेले. कुठे खुट्ट झालं की तिच्या पडद्यावर लाल ओळ उमटायची. खरोखर दुखतंय कुणाला आणि उगाच रडतंय कोण, हे ओळखायचे नियम तिने लिहायचे. बाहेर थंडी वाढली, तर नुसती नोंद. पंपाचा दाब पडला, तर साहेबांना फोन. चार मुलं वाढवलेल्या बाईला हे काम काही जड गेलं नाही.

जड गेलं ते टेकडीवरच्या पंपघराचं दार. दिवसभर 'दार उघडलं' म्हणून ओळी यायच्या, कुणीतरी धापा टाकत वर जायचं, आणि आत म्हाताऱ्या सादीरची बकरी पाइपाला पाठ लावून रवंथ करत बसलेली असायची. शिंगाने कडी उचलायला ती शिकली होती. शेवटी बुरुलचाने नियम लिहिला: दार उघडून मिटलं आणि एकाही झडपेला हात लागला नाही, तर नोंद 'बकरी' या वर्गात, पडद्यावर इशारा नको.

पडदा शांत झाला. पण साहेब एसेनतुर त्याने जास्तच घाबरला. काहीच येत नाही म्हणजे यंत्र मेलं असणार, असं म्हणून त्याने 'सगळं ठीक आहे' अशीही ओळ मागितली. मग त्या ओळींनी पडदा भरून गेला आणि त्या झाकायला बुरुलचाला आणखी एक नियम लिहावा लागला.

पुढे सादीरच्या घरी नातवाला पाळण्यात घालायचा सोहळा झाला. बकरी कापली. बुरुलचाही जेवायला होती, आणि रस्सा फार चांगला झाला होता. दुसऱ्या दिवशी तिने कामावर येऊन नोंदी उघडल्या, तर ताजी ओळ: वर्ग, बकरी.

ती तडक टेकडी चढली. आत सादीर पाइपाला पाठ लावून, टोपी मांडीवर ठेवून बसला होता.

"सादीर बाइके, तुम्ही इथे?" थोरल्या भावाला हाक मारावी तसं तिने विचारलं.

"घरी पाहुणे हलत नाहीत, पोर रडतंय, सुना भांडतायत. ती बकरी इथे का येऊन बसायची, ते आज कळलं मला."

माणूस आत शिरला अशी नोंद केली तर पोलिस येतील, असं तिने समजावलं.

"मग सध्या माझी नोंद काय होतेय?"

"बकरी."

सादीरने टोपी डोक्यावर घातली. "राहू दे की. घरात तर मला तेवढंही कुणी मोजत नाही."

तिने राहू दिलं.

हिवाळ्यात राजधानीहून जिपारा नावाची अधिकारी तपासणीला आली. नोंदींत तिला 'बकरी' हा वर्ग दिसला, पण बकरी आत का येते, हे तिने विचारलंच नाही. बकरी केंद्राची आहे की परकी, एवढंच तिला हवं होतं. परकी असेल तर सरकारी उबेची चोरी. एसेनतुरच्या तोंडून घाईत निघून गेलं, "आमचीच आहे." मग बकरी दाखवणं आलं. सगळे टेकडीवर गेले. जिपाराने दार उघडलं. आत सादीर चहा पीत होता.

"हे कोण?"

एसेनतुर बुटांवरचा बर्फ झटकू लागला. बुरुलचा म्हणाली, "बकरीचा राखणदार."

"आणि बकरी?"

"चरायला गेलीय."

चहूकडे गुडघाभर बर्फ होता. जिपाराने मान डोलावली. राखणदाराची नेमणूक रीतसर नाही, एवढीच खोट तिने काढली.

अशा रीतीने, स्वतःच खाल्लेल्या बकरीला राखण्यासाठी सादीरला पगार सुरू झाला. सुना त्याला आधी वाढू लागल्या. केंद्राने बाजारातून एक बकरी आणली, पण ती मठ्ठ निघाली. रोज सकाळी सादीर दार उघडून तिला मागून ढकलत आत नेई. आपण सरकारी माणसाशी तोंडावर खोटं बोललो, याची बुरुलचाला महिनाभर लाज वाटत होती. मग तिने तो वर्गच पुसून टाकायचं ठरवलं. पण तोवर राजधानीने तिचे नियम सगळ्या केंद्रांना लागू करून टाकले होते.

वसंतात दूरच्या एका गावाहून फोन आला. तिथला माणूस काकुळतीला येऊन तिला 'एजे', म्हणजे ताई, म्हणत होता.

"एजे, आमच्याकडे बाकीचे सगळे वर्ग भरतायत. बकरीची मात्र एकही ओळ येत नाही. आमचं काय चुकतंय?"

बुरुलचाने डोळे मिटले. मग त्याला आधी दाराची कडी सैल करून बघायला सांगितलं.