वेशीबाहेर भरलेली शाळा

धुरीबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना आरोग्यसेविका समजलो होतो. दोडामार्गहून दोन एसट्या बदलून मी सुरंगखोलच्या जिल्हा परिषद शाळेत हजर व्हायला आलो, तो वर्गात एक बाई मुलांबरोबर चटईवर बसलेल्या. हातात खोकल्याच्या औषधाची बाटली. समोरची चिमुरडी बाटलीवरची बारीक अक्षरं बोट लावून वाचत होती, ‘वापरण्यापूर्वी हलवा.’ मी मनात म्हटलं, गावात खोकल्याची साथ दिसते. इतक्यात बाई माझ्याकडे वळल्या. ‘राऊळगुरुजी ना? बसा. आज आम्ही तुम्हांला वाचून दाखवणार आहोत.’ त्या म्हणजे श्रीमती वासंती धुरी, आसपासच्या सगळ्या शाळांवर देखरेख करणाऱ्या आमच्या केंद्रप्रमुख, हे मला चटईवर बसल्यानंतर कळलं. वर्गातली एकुलती एक खुर्ची त्या दिवशी रिकामीच राहिली.

बाईंची तपासणी अशीच असे. पाठ्यपुस्तक त्या कधी उघडत नसत. ‘धडो पोरांका पाठ असता, गुरुजी. ता वाचणा न्हय,’ असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या पिशवीतून एसटीचं वेळापत्रक निघायचं, ग्रामपंचायतीची नोटीस निघायची, बियाण्याची पिशवी निघायची. मूल ते वाचू शकलं की त्या खूश. नाही वाचलं, तर मुलाला काही बोलत नसत. माझ्याकडे फक्त बघत. त्या बघण्यापेक्षा मेमो परवडला, असं आमच्या केंद्रातला प्रत्येक शिक्षक सांगेल.

आज त्यांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. या गौरवग्रंथात बाईंच्या प्रशासनाबद्दल जाणकार मंडळी लिहितीलच. मी एका लहान शाळेचा शिक्षक. आमच्या खात्यात ‘तात्काळ’ हा शब्द नसलेलं पत्र मी अजून पाहिलेलं नाही. मुलांना शिकवून वेळ उरला तर माहिती भरायची की माहिती भरून वेळ उरला तर शिकवायचं, हे कोडं मला आजही सुटलेलं नाही. अशा खात्यात राहून बाईंनी शाळेला शाळा म्हणून कसं सांभाळलं, ते मी जवळून पाहिलं. पाहून थक्क झालो, आणि आजही होतो.

शाळा व्यवस्थापन समितीचंच घ्या. नियमाप्रमाणे शाळेचा कारभार पालकांच्या या समितीने चालवायचा. प्रत्यक्षात काय चालतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे: चहा, बिस्किटं आणि सह्या. आमच्या समितीच्या अध्यक्ष शमीमभाभी. त्यांच्या घरचा सुक्या मासळीचा व्यापार, बाजारात त्यांच्यापुढे भल्याभल्यांची बोलती बंद. पण शाळेच्या सभेत त्या पदर सावरून गप्प बसत. एकदा मी इतिवृत्त वाचायला घेतलं तेव्हा बाईंनी मला हाताने थांबवलं. ‘शमीमभाभी, बांगडो घेताना तुमी कल्लो उघडून बघतास मां? मगे हय नुसती सही कित्याक करतास?’ भाभी आधी लाजल्या, मग हसल्या आणि मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला. त्या वर्षी शाळेला प्रवेशद्वाराची कमान मंजूर झाली होती. भाभींनी विचारलं, ‘मुलींच्या संडासात पाणी नाय, तर कमान कोणाक दाखवूची?’

बाई तो प्रश्न घेऊन पंचायत समितीत गेल्या. निधी ज्या कामाला मंजूर त्याच कामाला खर्च करायचा, असं उत्तर मिळालं. बाई म्हणाल्या, ‘कमानीखालून मुली रुबाबात आत येतील आणि दुपारी पाण्यावाचून घरी जातील. उद्घाटनाला तेवढं सांगायची जबाबदारी माझ्याकडे द्या.’ किती खेपा घातल्या ते त्यांनी आम्हांला कधी सांगितलं नाही. पण कमान बारगळली आणि नळ आला. तेव्हापासून शाळेला कोणता निधी आला आणि तो कुठे गेला, हे समिती शाळेच्या ओसरीतल्या भिंतीवर लिहिते. गावातलं कोणीही येतं, वाचतं आणि वाटलं तर भांडतं. बाईंना ते भांडण फार प्रिय. ‘भांडतत म्हणजे शाळा आपली मानतत,’ असं त्या म्हणत.

माझ्यापुरतं एक सांगतो. शाळेतलं दुसऱ्या शिक्षकाचं पद अनेक वर्षं रिक्त होतं, म्हणजे मी रजेवर गेलो की शाळेला कुलूप. अशात माझ्या आईला गोव्याला इस्पितळात हलवावं लागलं. मी बाईंना फोन करून सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, ‘तुम्ही आईकडे बघा, मुलं माझ्याकडे.’ मी आईला घेऊन घरी परतेपर्यंत त्यांनी रोज सकाळी येऊन माझी शाळा उघडली, चारही इयत्ता शिकवल्या आणि दुपारनंतर स्वतःचं काम केलं. मी परत आलो तर फळ्यावर त्यांच्या वळणदार अक्षरांत तारीख लिहिलेली, आणि टेबलावर आईसाठी आमसुलांची पुडी. आई अजून प्रत्येक जेवणात त्या बाईंचं नाव काढते.

पण ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला बसलो, ती गावपळणीची.

आमच्या दोडामार्गाकडे ही प्रथा नाही. सुरंगखोलात दर काही वर्षांनी देवाला कौल लावतात आणि कौल झाला की सगळा गाव तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतो. माणसं, गुरं, कोंबड्या, सगळं. ओहोळापलीकडे काजूच्या झाडांखाली माडाच्या विणलेल्या झापांच्या राहुट्या उभ्या राहतात. हिंदू जातात, मुसलमान जातात. गावात चूल पेटत नाही, कोणी पाऊल ठेवत नाही. चौथ्या दिवशी पुन्हा कौल घेऊन परत यायचं.

त्या वर्षी कौल झाला, आणि त्याच आठवड्यात ‘तात्काळ’ पत्र आलं. कमी पटाच्या शाळांची पडताळणी होणार, पथक येईल त्या दिवशी शाळेत जी मुलं आढळतील तेवढीच धरणार, आणि पट कमी भरला तर शाळा खाडीपलीकडच्या मोठ्या शाळेत विलीन होणार. सुरंगखोलची तारीख पडली गावपळणीच्या बरोबर मधल्या दिवशी. खाडीपलीकडे म्हणजे पहिलीच्या पोरांनी पावसाळ्यात होडीतून जायचं. मुली किती दिवस गेल्या असत्या, ते सांगायला ज्योतिषी नको.

बाईंनी तारीख बदलून मागितली. नकार आला. मग देवळासमोर बैठक बसली. कोणी म्हणालं, पोरांना तासाभरासाठी शाळेत नेऊन आणू. त्यावर गावचे मानकरी दाजी कडाडले, ‘गावात पाय ठेवूचो नाय! वाडवडलांनी मोडला नाय, ता आमी मोडूचा?’ माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, ‘दाजी, पोरांची शाळा जातली आणि तुमी राहुट्ये बांधीत बसतलास?’ आवाज चढले. एका बाजूला देव, दुसऱ्या बाजूला सरकार, आणि दोघांपैकी कोणीच तारीख बदलायला तयार नाही.

तेवढ्यात बाई उठल्या. त्या दाजींसमोर जाऊन पायरीवर बसल्या.

‘दाजी, मी देवाक कायेक विचारूक इलंय नाय. तुमका विचारतंय. गाव भायर पडता तेव्हा काय काय भायर न्हेतास?’

‘सगळा. माणसा, गुरा, बकरी, कोंबडी, कुत्रो, मांजर. जिता जा काय आसा ता सगळा. मागे ऱ्हवतत ती नुसती घरा.’

‘बरा. मगे तुमची शाळा जिती काय मेली?’

दाजींनी देवळाकडे पाहिलं, मग शाळेच्या दिशेने. मग ते उठले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, ‘गुरुजीनू, फळो काडा भितीवरचो.’

मी आजवर पुष्कळ भाषणं ऐकली, प्रशिक्षणं तर विचारूच नका. पण एका प्रश्नाने देवाचा मान आणि मुलांची शाळा दोन्ही राखलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. बाई मात्र लगेच कामाला लागल्या होत्या. तिथेच समितीची सभा झाली, शमीमभाभींनी ठराव मांडला की गावपळणीच्या काळात शाळा वेशीबाहेर भरेल, आणि या वेळी सही करण्यापूर्वी तो सगळ्यांनी वाचला. बाईंनी ठरावाची प्रत स्वतः तालुक्याला नेऊन दिली.

आणि शाळा निघाली. गुरांच्या मागे फळा, फळ्यामागे घंटा, घंटेमागे शाळेच्या नावाची पाटी. पाटी काढायला सुतार दाराशी उभा राहिला तेव्हा मुलं गप्प झाली होती. ओहोळापलीकडे एका राहुटीवर ती पाटी बांधल्यावरच त्यांच्या तोंडावर हसू आलं.

पथक आलं त्या दिवशी बाई सकाळपासून वेशीवर उभ्या होत्या. पथकप्रमुख साहेब जीपमधून उतरले. माणूस वाईट नव्हता, पण नियमाला पक्का. ‘मला शाळेत जाऊन पट मोजायचा आहे,’ ते म्हणाले.

बाई शुद्ध कार्यालयीन मराठीत बोलल्या. ‘साहेब, इमारत तपासायची असेल तर सरळ जा. तुम्हांला कोणी अडवणार नाही. पट मोजायचा असेल तर माझ्याबरोबर चला.’

साहेब दहा-वीस पावलं गावात गेले. दारं बंद, अंगणं झाडून ठेवलेली, कुठे धूर नाही, कुत्रं भुंकत नाही. ते तिथूनच परत फिरले आणि बाईंच्या मागून ओहोळ उतरले.

राहुटीत मुलं चटईवर बसली होती. साहेबांनी हजेरी घेतली. एकही मूल गैरहजर नव्हतं. असणार तरी कुठे, घरी जायची सोयच नव्हती! मग त्यांनी वाचन तपासायला पुस्तक मागितलं. बाई म्हणाल्या, ‘पुस्तक नको. तुमच्या हातातलं काहीही द्या.’ साहेबांच्या हातात पडताळणीचा आदेश होता. त्यांनी तोच पुढे केला. चौथीतली तन्वी उभी राहिली आणि न अडखळता वाचू लागली, ‘विषय: कमी पटाच्या शाळांचे नजीकच्या शाळेत समायोजन करण्याबाबत.’ आमच्या कार्यालयात जी वाक्यं वाचताना वयस्क माणसांना धाप लागते, ती सगळी तिने खळाळत वाचली. शेवटी कागद परत देताना तिने विचारलं, ‘साहेब, समायोजन म्हणजे आमची शाळा खंय जातली?’

साहेबांनी कागदाची घडी घातली. बाई राहुटीच्या मेढीला टेकून उभ्या होत्या आणि त्यांचे डोळे भरून आले होते. आमच्या केंद्रप्रमुखांच्या डोळ्यांत पाणी मी तेवढंच पाहिलं.

साहेब दुपारी राहुटीतच जेवले. शमीमभाभींनी वाढलेलं माशाचं कालवण त्यांनी मागून घेतलं. जाताना त्यांनी शेरा लिहिला, ‘शाळा सुरू असल्याचे आढळले.’ ठिकाणाच्या रकान्यात थोडं थांबून लिहिलं, ‘वेशीबाहेर.’ पट पुरा भरला होता, शाळा राहिली. तन्वी आज मालवणला कॉलेजात जाते.

बाई निवृत्त झाल्या, पण पत्रं निवृत्त होत नाहीत. समायोजनाचं नवं पत्र यंदाही आलं आहे आणि यंदाच पुन्हा गावपळण झाली. कोणी बोलावलं नसताना बाई सकाळीच देवळासमोर हजर. मी फळा काढला होता. त्याचं एक टोक त्यांनी धरलं. दाजी आता थकले आहेत, काठी धरून उभे राहतात. त्यांनी नारळ हातात घेतला आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

‘बा देवा म्हाराजा, तुझी लेकरा आज गाव सोडून वेशीभायर चलली आसत. तेंची राखण कर. माणसांची कर, गुराढोरांची कर, कोंबड्या-कुत्र्यांची कर. आणि आमची शाळा आमच्यावांगडा चलली आसा, तिचीव राखण कर रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’ सगळा गाव म्हणाला. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या त्या गाऱ्हाण्यात शाळा कधी शिरली, मला कळलं नाही. मोठमोठ्या समित्यांना जे जमत नाही, ते या बाईंनी करून ठेवलं होतं: गावाने शाळेला जित्या जिवांत धरलं होतं.

दाजी थांबले नाहीत. फळ्याचं टोक धरलेल्या बाईंकडे वळून म्हणाले, ‘आणि जी बाय ह्या शाळेच्या पाठीशी उभी रवली, तिका साठ वर्सा भरतत. तिच्या हातापायात बळ ठेव, तिका शंभर वर्सा दी, आणि पुढच्या पळणीक ती हयच, अशीच उभी आसांदे रे म्हाराजा!’

या ग्रंथासाठी याहून वेगळ्या शुभेच्छा मला लिहिता येणार नाहीत. शाळेच्या गाऱ्हाण्याला बाईंचा आवाज सगळ्यांत मोठा होता. स्वतःच्या नावाला मात्र त्या खाली मान घालून गप्प राहिल्या. म्हणून मग आम्ही सगळ्यांनी त्यांच्याही वाटणीचं, ओहोळापलीकडे ऐकू जाईल असं म्हटलं:

‘व्हय म्हाराजा!’