मूसचे कान

आमचे हे एखादं जनावर बघतात तेव्हा माणसांशी बोलत नाहीत. आधी खूर, मग गुडघे, मग पाठ आणि शेवटी तोंड. तोंड बघताना स्वतःचंही तोंड वाईट करतात, म्हणजे विकणारा भाव उतरवतो. निपाणीकडच्या बाजाराला जाताना आमच्या हिंडलग्यातले लोक त्यांना जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवून न्यायचे. मला बघायला आले तेव्हाही ते असेच गप्प होते. सुरुवात कुठून केली होती, हे मी अजून विचारलेलं नाही.

मुलगी नर्स होऊन कॅनडातल्या एका लहान गावात निघाली, तेव्हा विमानतळावर त्यांनी तिला एकच सांगितलं, "काय अडलं तर फोन कर. मी हाय." आणि तिला अडायला लागलं. थंडीने गाडी सुरू होईना, हीटर बंद पडला, नळातलं पाणी गोठलं. प्रत्येक वेळी तिने यांना फोन केला, यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि फोन माझ्या हातात दिला. आपल्याला उत्तर देता येईल असं पोरीचं काहीच कसं अडत नाही, हे त्यांना लागत होतं. हळूहळू फोनच्या वेळी ते गोठ्यात जाऊन बसायला लागले. मला त्यांचं वाईट वाटायचं आणि रागही यायचा. मी जन्मभर मराठी शाळेत पोरांना शिकवलं, हीटरचं मला तरी काय कळणार होतं?

मग मूस आला.

पहिला फोटो तिकडच्या पानगळीतला. हरणाच्या जातीचं जनावर आहे, असं मुलीने लिहिलं होतं. यांनी फोटो बोटांनी मोठा केला, आणि नेहमीप्रमाणे खुरांपासून सुरुवात केली. "पाय लई लांब. मान आखूड. चरायला गुडघं टेकत आसंल." मुलीला विचारलं, तर खरंच टेकतो म्हणाली. पुढे खांद्यावर वशिंड, पाठ मागे उतरलेली, शेपूट शेळीसारखं, वरचा ओठ खालच्या ओठावर लोंबलेला. डोक्यावर दोन्ही बाजूंना रुंद, चपटी आणि कडेला बोटं फुटलेली शिंगं. "शिंगं न्हवंत ही, सुपं हाईत," हे म्हणाले. ही शिंगं दर हिवाळ्यात गळतात आणि पुन्हा नवी येतात, असं मुलीने सांगितलं, तेव्हा त्यांना पटलं नाही. "मग बेंदराला रंगवायचं काय?"

शेवटी निकाल दिला. नांगराला नाही, गाडीला नाही, दुधाला तर नाहीच. पण त्या दिवशी त्यांनी फोन माझ्याकडे दिला नाही.

उंचीवरून मात्र बापलेकीचं वाजलं. खांद्यापाशीच तुमच्यापेक्षा उंच आहे, असं ती म्हणत होती. यांनी तिच्याकडून फूट-इंच घेतले, गोठ्यात घमेलं पालथं घातलं, त्यावर चढले आणि भिंतीवर गेरूने रेघ मारली. रेघेखाली आमची म्हैस उभी होती. चांगली दांडगी म्हैस, पण त्या रेघेखाली ती वासरू दिसायला लागली. "पोरगी वाढवून सांगती," म्हणून हे खाली उतरले.

मार्चमध्ये एकदा, आमचं जेवण उरकत होतं आणि तिची सकाळ झाली होती, तेव्हा तिचा व्हिडिओ कॉल आला. तिला ड्युटीवर जायचं होतं आणि दारात गाडीला लागून मूस उभा होता. शिंगं नव्हती. गळ्याखाली मात्र काहीतरी लांब लोंबत होतं.

"तुटकं दावं हाय त्ये," हे म्हणाले. "कुणाचं तरी सुटून आलंय. बांधून घाल, मालक हुडकत यील."

"दावं न्हाय हो आप्पा. कातडंच तसलं असतंय त्याचं."

"मग हाकल की."

दुसऱ्या कुणाच्या पोरीने हे ऐकलं नसतं. आमची गोठ्यात वाढलेली. बैलाच्या पोटाखालून इकडून तिकडे जाणारी. चार पायांच्या कशाला भ्यायचं असतं हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. फोन हातात धरून, "हैक, हैक" करत ती बाहेर पडली.

आम्हीही तिच्या हातातून निघालो. मूस जवळ आला तशी त्याची पाठ दिसली, आणि त्या पाठीखाली गाडीचं टप. यांनी वळून गोठ्याकडे बघितलं. मग मूसचे कान मागे पडले, अगदी मानेला चिकटले, आणि वशिंडावरचे केस उभे राहिले.

"थांब," हे म्हणाले. इतक्या हळू बोललेले मी त्यांना कधी ऐकले नव्हते. "पाठ फिरवू नगो. मागं मागं ये. दार उघडं हाय न्हवं?"

"हाय."

"मग मागं मागं ये."

मूसलाही त्यांनी थांबायला सांगितलं. मराठीत सांगून झाल्यावर एकदा कन्नडातही सांगितलं, कारण आमची म्हैस सदलग्याकडची आहे आणि तिला तेच कळतं. मग फोनमध्ये नुसतं बर्फ, आभाळ, तिचे बूट. शेवटी दार आपटल्याचा आवाज आला आणि मी रडायला लागले.

तिने खिडकीतून दाखवलं. मूस तिची गाडी चाटत होता. तिकडे बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकतात, ते गाडीला बसतं. आमच्या गोठ्यातही मिठाची वीट टांगलेली असते. "मिठासाठी आलाय व्हय," हे म्हणाले. "चाटू दे." मूस गाडी चाटतोय म्हणून उशीर होईल, असं तिने दवाखान्यात कळवलं आणि त्यांनी ते मान्य केलं. माझ्या सगळ्या नोकरीत मला इतकं चांगलं कारण सापडलं नाही.

ताट तसंच ठेवून हे गोठ्यात गेले. मी मागून गेले तर रेघेकडे बघत उभे होते. "एवढ्याला हाकलाय धाडली मी तिला," म्हणाले.

"माघारीही तुम्हीच बोलावलीत," मी म्हटलं. त्यांना ते पुरलं नाही.

तेव्हापासून फोन आधी ते घेतात. जेवलीस का, बरी आहेस का, काही नाही. "कान कसं हाईत?" ती म्हणते, "पुढं हाईत, आप्पा." मग फोन माझ्याकडे. मूस पुन्हा आला नाही, तरी हे चालूच आहे. मी त्याला बापलेकीचा खुळेपणा म्हणते.

परवा तिचा फोन आला. युनिफॉर्म इस्त्रीचा, केस नीट बांधलेले, चेहऱ्यावर हसू. मागच्या खिडकीत मोकळं अंगण. यांनी विचारलं, "कान कसं हाईत?"



"मागं."

काय झालं, कोण बोललं, कशावरून, हे सगळं माझ्या ओठावर आलं होतं. यांनी माझ्याकडे हात करून मला थांबवलं आणि फोन तोंडाजवळ धरला.

"पाठ फिरवू नगो," म्हणाले. "मागं मागं ये. दार उघडं हाय."

मी उठले आणि तिच्या खाटेवरची शेंगांची पोती खाली उतरवायला घेतली.