एका आडनावाची माणसं

आखातात फुटबॉल वर्ल्ड कपची स्टेडियमं उभी राहत होती तेव्हा वेस्ट बेमधून आम्हाला रोज साइटवर नेणारा ड्रायव्हर माण तालुक्यातला होता. गाडी इतकी संथ चालवायचा, की वाळूच्या धुरकट उजेडात आपण तरंगतोय असं वाटे. आरशातून तो मागच्या दोन जर्मन इंजिनिअरांना न्याहाळत राही. दोघांचंही आडनाव श्मिट, आणि दोघं आपापल्या खिडकीबाहेर बघत गप्प बसलेले.

"ताई, बांधावरनं वाजलं असणार," तो मला म्हणायचा. "भावकीत असं तोंड फिरवून बसत्यात व्हय?"

"अहो, श्मिट म्हणजे लोहार. त्या आडनावाचे मंत्री आहेत, गवई आहेत, फुटबॉलपटू आहेत. एकमेकांचे कुणी नव्हेत."

"असूंद्या. आडनाव एक म्हंजे कवातरी चूल एक."

एका सकाळी त्याने खजुराचा डबा उघडून दोघांच्या मधोमध ठेवला. "ब्रदर, ब्रदर, टुगेदर. यल्ला, ईट!" दोघे गोंधळले, मग हसले आणि एकाच डब्यातून खाऊ लागले.

तो हसला नाही. स्टेडियमपाशी गाडी नेहमीसारखी रेंगाळली. पांढऱ्या आभाळात एक पिवळी क्रेन झोपेत कूस बदलावी तशी वळत होती.

"रोज इथं काय बघता हो?" मी विचारलं.

"त्या क्रेनवर आमचं थोरलं बंधू हायती," तो म्हणाला. "बांधावरनं वाजल्यापास्नं हाक मारवंना. डबा त्यांच्यासाठीच घेतला हुता."