सनईच्या मागचा आवाज

माझा स्वभाव भित्रा नाही. हवं तर नवऱ्याला विचारा, घरात कोण कोणाला घाबरतं ते. पण त्या रविवारी सकाळी मी इतकी घाबरले की गॅसवरचं दूध उतू जाऊन पातेलं करपलं, तरी मला वास आला नाही.

हिंगणीत आमचा लहानसा स्टुडिओ आहे. नवरा लग्नांचं शूटिंग करतो, मी घरच्या कॉम्प्युटरवर एडिटिंग करते. आधी आम्ही सिनेमाची गाणी बिनधास्त लावायचो. मग कॉपीराइटच्या तक्रारींनी आमच्या चॅनलवरचे दोन व्हिडिओ उडाले, तेव्हा मी संगीताचं एक ॲप घेतलं. त्यात 'भारतीय', 'लग्न', 'शांत' असं निवडायचं, 'गायन नको' वर टिचकी मारायची, की धुनांची रांगच लागते. आवडेल ती ओढून चित्राखाली ठेवायची. मी त्या ॲपवर इतकी खूश होते की सासूबाई म्हणायच्या, "त्या कंप्युटरसंगंच लगन लावाले पाह्यजे होतं तुनं."

आणि मग माझ्या शाळेतल्या गुरुजींच्या मुलीच्या लग्नाचं काम आलं. सातवीनंतर बाबा माझी शाळा सोडवणार होते, तेव्हा गुरुजी आमच्या अंगणात येऊन बसले आणि बाबा 'हो' म्हणेपर्यंत उठले नाहीत. निवृत्त झाल्यावर ते पुलगावला राहायला गेले, पण मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ मीच करायचा असं त्यांनी फोन करून बजावलं. ते बौद्ध. त्यांचे वडील नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि घरातले देव त्यांनी उचलून ठेवले ते कायमचे. हे गुरुजींनीच आम्हाला वर्गात सांगितलं होतं.

लग्न विहारात साधेपणानं झालं. आठ दिवसांनी पुलगावच्या एका सभागृहात स्वागत समारंभ होता आणि तिथे दुपारी मोठ्या पडद्यावर व्हिडिओ दाखवायचा होता. पांढऱ्या कपड्यांतले नवरानवरी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या लावतात आणि भंतेजी त्रिशरण म्हणतात, ते दृश्य त्यात सगळ्यात महत्त्वाचं. नेमकी तिथेच जनरेटरची घरघर आवाजात शिरली होती. मी मूळ आवाज बंद केला आणि ॲपमधली एक सनई तिथे टाकली. फार गोड बसली. स्वतःवरच खूश होऊन मी ते दृश्य पुन्हा पुन्हा पाहिलं.

रविवारी नवरा पेन ड्राइव्ह घेऊन पहाटेच निघाला. मी दूध तापत ठेवून व्हिडिओ सहज लावला. बाहेर नळाजवळ भांडी घासणाऱ्या सासूबाईंनी आवाज दिला, "काय वं, आज कोनाची पूजा लावली?"

मी दारात आले. त्या थट्टा करत नव्हत्या. हातात राख लावलेला काथ्या, डोळे मिटलेले आणि ओठ सनईबरोबर हलत होते.

मी धावत जाऊन कानाला हेडफोन लावले. सनईच्या मागे, अगदी बारीक, पुरुषांचे आवाज होते. गणपतीचा मंत्र. सासूबाईंच्या मोबाइलवर रोज सकाळी वाजतो तोच. ॲपनं गायन नाही म्हणून सांगितलं होतं, पण ॲपला दोष देऊन काय उपयोग? कान तर माझे होते.

बुद्धमूर्तीपुढे, भंतेजींचा आवाज पुसून, मी हे टाकलं होतं. लोक चिडतील, ही भीती होतीच. पण गुरुजींना वाटेल की मी मुद्दाम केलं, ही भीती त्याहून मोठी होती. नवऱ्याला नऊ वेळा फोन लावला. कामावर असला की त्याचा फोन कॅमेऱ्याच्या बॅगेत असतो आणि बॅग कुठे असते ते त्यालाही माहीत नसतं.

सनई काढली, घरघरीसकट मूळ आवाज परत लावला. नवी फाइल तयार व्हायला दोन-तीन तास लागले; स्क्रीनवरची पट्टी इतकी हळू सरकत होती की मी कॉम्प्युटरला हात जोडले, लाइट जाऊ देऊ नकोस म्हणून. कोणाला जोडले, विचारू नका. मग स्कूटी काढली. सेलू गेलं, वर्धा गेलं. वाटेत मी मोठमोठ्यानं बोलत होते. 'गुरुजी, मुद्दाम नाही केलं.' एवढं एकच वाक्य, पुलगाव येईपर्यंत.

सभागृहात शिरले तेव्हा पडद्यावर मेणबत्त्या पेटत होत्या. उशीर झाला होता.

पण सनई वाजत नव्हती. पडद्याला आवाजच नव्हता. पहिल्या रांगेतली पांढऱ्या लुगड्यातली एक म्हातारी त्रिशरण म्हणत होती, आणि तिच्यामागून सगळं सभागृह म्हणत होतं. ताट हातात घेतलेली माणसंसुद्धा उभी राहिली होती.

ते संपल्यावर गुरुजी माझ्याकडे आले. सकाळी त्यांनी घरीच व्हिडिओ पाहिला होता आणि त्या दृश्यापुरता आवाज बंद करायला माझ्या नवऱ्याला सांगितलं होतं.

"तुले फोन करनार होतो," ते म्हणाले. "मंग म्हटलं, पोरगी घाबरन, अन् तशीच गाडीवर निंगन."

"गुरुजी, मुद्दाम नाही केलं."

"माहीत हाय मले. किती डाव पाह्यला होता तू?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण बोलले नाही. "तीस-चाळीस डाव असंन."

"अन् आयकू नाई आलं."

"नाई आलं, गुरुजी."

ते रागावले असते तर मी रडून मोकळी झाले असते. ते रागावले नाहीत. पाचवीत माझं गणित चुकलं की बघायचे, तसे बघत राहिले.

"मले पह्यल्याच डावाले आलं," ते म्हणाले. "चाल, जेवून घे."